डब्यातल्या चोवीस गोळ्या

मृत्युपत्र

लिहून ठेवणार: डॉ. गंगासागर मल्लिनाथ होनराव, वय ६९ वर्षे, अविवाहित, निवृत्त मनोविकारतज्ज्ञ, मूळ गाव धारूर, सध्या राहणार केज, जिल्हा बीड.

कारणे हे मृत्युपत्र लिहून ठेवते की, माझे हृदय आता नीट काम करत नाही आणि किती दिवस करील याची खात्री हृदयाचे डॉक्टरही देत नाहीत. माझ्या पश्चात माझ्या घराचे, वस्तूंचे आणि विशेषतः कागदांचे काय करावे हे माझ्याच हाताने लिहिलेले बरे. हात कापतो, म्हणून अक्षर वाकडे आले आहे. ते माझेच आहे.

माझे मन ठिकाणावर असून मी हे कोणाच्या सांगण्यावरून वा धाकाने लिहीत नाही. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे. असे दाखले मी स्वतः दोनशेच्या वर दिले असतील. म्हातारा आत माझ्यासमोर बसलेला असायचा आणि मुलगे बाहेर व्हरांड्यात येरझारा घालत असायचे. तेव्हा या कागदाची किंमत मला ठाऊक आहे. वकील म्हणाले जोडा, म्हणून जोडला. दाखला देणाऱ्या तरुण डॉक्टरने मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. पासष्टला तो थांबा म्हणाला. मी दोनपर्यंत गेले.

गेल्या मार्च महिन्यात मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. का, ते कलम ८ मध्ये येईल.

या कागदात मी एकही ओळ खोडलेली नाही. जिथे चुकले आहे असे वाटले तिथे पुढे दुरुस्ती लिहिली आहे. याचेही कारण पुढे येईल.

कलम १. घर. केज येथील माझे राहते घर, अंगणातल्या बोअरसह आणि न फळणाऱ्या लिंबासह, माझी पुतणी अपेक्षा हिला द्यावे. ती पाटोद्याला औषधांचे दुकान चालवते आणि आमच्या घराण्यात माझ्याशी मनापासून भांडणारी ती एकटीच आहे. अट एकच. पुढच्या खोलीत दर सोमवारी लिथियम घेणाऱ्या रोग्यांचे रक्त तपासायला घेतात, ते चालू ठेवावे. बँकेत माझे जे काही असेल ते या कामाला लावावे. अपेक्षाला ही अट जाचक वाटली तर तिने घर घेऊ नये, पण मला ठाऊक आहे की ती घेईल आणि वर मलाच बोलेल.

कलम २. भाऊ. माझा धाकटा भाऊ केदारनाथ याला काहीही देऊ नये. धारूरचे वडिलांचे किराणा दुकान त्याने पूर्ण घेतले आणि मी डॉक्टर झाल्यावर आलेल्या-गेलेल्याला "आमची बहीण येड्यांची डॉक्टरीण हाय" असे सांगून हसवले. चाळीस वर्षे हसवले.

कलम ३. पुस्तके आणि मानचिन्ह. पुस्तके ज्या वैद्यकीय महाविद्यालयात मी नोकरी केली तिथल्या ग्रंथालयाने मागितली तर द्यावीत. महाविद्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण या कागदात जी चूक आहे ती महाविद्यालयाची नाही, माझी आहे. २००९ साली माझ्या संशोधनाला मिळालेले पितळी मानचिन्ह डॉ. विजयसिंह यांना द्यावे. ते त्या कामात माझे सहसंशोधक होते, आकडेमोड त्यांची होती. त्या दिवशी सभागृहात त्यांनी भाषण केले आणि मला आभार मानायला शेवटची दोन मिनिटे दिली. तो राग मी सोळा वर्षे जपला. आता वाटते की माझ्या वाट्याला ती दोन मिनिटेही जास्तच होती.

कलम ४. संशोधनाचे कागद. हे कलम लांब होणार आहे.

माझे सगळे आयुष्य उदासीच्या आजारावर औषध शोधण्यात गेले. ज्यांचे मन महिनोन्महिने काळवंडते आणि मग अचानक इतके उसळते की माणूस चार रात्री न झोपता शेताचे बांध घालत सुटतो, अशा रोग्यांवर माझा विशेष अभ्यास होता. २००४ ते २००७ या काळात केज तालुक्यातल्या गावांतून एकशे बारा स्त्रियांना लिथियमच्या गोळ्या देऊन आम्ही त्यांचा पाठपुरावा केला. शहरात तपासलेले औषध खेड्यात, दवाखान्यापासून लांब, शेतात राबणाऱ्या बाईला झेपते का, हा प्रश्न होता. झेपते, असे उत्तर आले. ते उत्तर आजही खरे आहे. माझ्या चुकीचे खापर कोणीही या औषधावर फोडू नये. जो घेत आहे त्याने हे वाचून गोळी बंद करू नये.

काम असे चाले. महिन्याला प्रत्येकीला नव्वद गोळ्यांचा पत्र्याचा डबा मिळे, रोजच्या तीन. आमचा कार्यकर्ता सटवा सायकलवर घरोघर जाई, डब्यातल्या उरलेल्या गोळ्या मोजी आणि वहीत लिही. ठरावीक महिन्यांनी रक्त तपासायचे, कारण लिथियम रक्तात थोडे कमी पडले तर गुण येत नाही आणि थोडे वाढले तर विष होते. सोबत एक सूचनापत्रक असे. बायांना वाचता येत नसे, म्हणून सटवा ते वाचून दाखवी.

ते पत्रक मी इंग्रजीवरून केले. अकरा सूचना होत्या. ऐकणाऱ्याच्या डोक्यात अकरा राहत नाहीत, म्हणून मी आठ केल्या. खोडलेल्या तीनपैकी एक अशी: "आहारातील मीठ एकदम कमी वा बंद करू नये. उपवास असल्यास डॉक्टरांना सांगावे." तिच्यापुढे समासात लाल शाईने माझ्या अक्षरात लिहिले आहे: "आपल्याकडे लागू नाही."

मीठ सोडणारे लोक म्हणजे शहरातले, रक्तदाबवाले, वजनाचा काटा घरात असलेले, असे माझ्या डोक्यात होते. मी किराणा दुकानदाराची मुलगी. खड्या मिठाची पोती आमच्या ओट्यावर असत आणि श्रावणात ती हळू खपत. माझी आई श्रावणातल्या दर सोमवारी अळणी जेवायची. भाजी मिठाआधी वाटीत काढून ठेवायची, ती वाटी मी दर वेळी ओलांडून गेलेली आहे. एवढे शिकले आणि आईची वाटी विसरले.

कलम ५. भिवराबाई. भिवराबाई सुंदरराव थोरवे, वय चौतीस, राहणार नांदूरघाटजवळची एक वस्ती. आमच्या यादीत सत्तावन्नाव्या. त्यांना औषधाचा चांगला गुण आला होता. दोन वर्षे अंथरुणाला खिळलेली बाई उठून खुरपायला जाऊ लागली होती, मुलीच्या वेण्या घालू लागली होती. जुलैमध्ये रक्त तपासले, प्रमाण अगदी हवे तसे होते.

२००५ च्या श्रावणात, तेविसाव्या दिवशी सकाळी त्यांना दवाखान्यात आणले. उलट्या, जुलाब, हातपाय कापत होते, बोलणे जड झाले होते, चालताना तोल जात होता. रक्तात लिथियम तिपटीहून जास्त निघाले. मी आकडा पाहिला आणि क्षणात ठरवून टाकले की बाईने डबा तोंडात रिकामा केला. उदासीचा रोगी आणि रक्तात इतके औषध, दुसरे काही मनातच आले नाही. सुंदररावांना मी तसे सांगितले, केसपेपरवर तसे लिहिले, पोलिसांनाही तसेच सांगितले. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

तेराव्यानंतर सटवा त्यांच्या घरी जाऊन डबा घेऊन आला. माझ्या टेबलावर त्याने तो उघडा ठेवला. पुढचे त्याच्या शब्दांत लिहिते, कारण ते मी वीस वर्षांत विसरू शकले नाही.

"बाई, गोळ्या बराबर हायत. बाईस दिवसाच्या सहासष्ट गेल्या, चोवीस ऱ्हायच्या, चोवीसच हायत. तिनं जास्तीची एक बी खाल्ली न्हाई."

मी विचारले, मग काय झाले.

"मीठ सोडलं व्हतं म्हने. पुरा श्रावन. पोरगी सांगत व्हती. तुमच्या गोळीला गुन ऱ्हावा म्हनून महादेवाला बोलली व्हती."

शरीरात मीठ घटले की मूत्रपिंड लिथियम बाहेर जाऊ देत नाही, धरून ठेवते. तेवढीच रोजची गोळी मग साचत जाते. हे मी विद्यार्थ्यांना शिकवत असे. बाई श्रावणाच्या उकाड्यात खुरपत होती, घामावाटे उरलेले मीठही जात होते आणि माझी गोळी ती नेमाने, एकही न चुकवता घेत होती.

तिने जीव दिला नाही. बरी राहावी म्हणून तिने मीठ सोडले, आणि सोडू नको हे तिला सांगणारी ओळ मी खोडली होती.

कलम ६. मी काय केले. मी सटवाला म्हणाले, हे कुठे बोलू नकोस, मी बघते. तो बोलला नाही. त्याच आठवड्यात त्याला सायकलवर उरलेल्या एकशे अकरा घरी पाठवून "मीठ सोडू नका, उपवासाला बी खा" असे सांगायला लावले. का, ते सांगितले नाही. म्हणजे मला सगळे कळले होते, याचा पुरावा मीच गावोगाव पाठवला. पत्रकात ती ओळ परत घातली. पहिले पत्रक आणि गोळ्यांच्या मोजणीचे पान कपाटात कुलूपबंद केले. २००८ साली शोधनिबंध छापून आला, त्यात तिसऱ्या तक्त्याखाली एक ओळ आहे: मृत्यू एक, हेतुपुरस्सर जास्त गोळ्या घेतल्याने.

तेव्हा मी स्वतःला समजावले की हे उघड झाले तर अभ्यास बंद पडेल आणि बाकीच्या बायांचे औषध तुटेल. ते थोडे खरे होते. जास्त खरे हे की मी घाबरले. लाल शाईतले अक्षर माझे होते.

सुंदररावांना त्यांच्या सासरच्यांनी दारात उभे केले नाही. बायकोला काय जाच केला असशील म्हणून तिने गोळ्या खाल्ल्या, असे लोक तोंडावर म्हणत. २०१४ साली ते छातीच्या दुखण्याने माझ्याकडे आले होते, तेव्हा उठताना म्हणाले, "बाई, माझं काय चुकलं व्हतं तेवढं सांगा. म्या हात बी उचलला न्हाई तिच्यावर कदी."

मी म्हणाले, तुमचे काही नाही, आजारच तसा असतो. दोन वर्षांनी ते वारले. त्यांना देण्यासारखे माझ्याकडे आता काही नाही. हे कलम त्यांच्यासाठी लिहिले असे समजावे.

या वर्षी जूनमध्ये मी डॉ. विजयसिंहांना फोन करून सगळे सांगितले. ते म्हणाले की मॅडम, आता उकरून कोणाचे भले होणार. त्यांना यातले काही ठाऊक नव्हते, हे इथे स्पष्ट लिहिते. ज्या नियतकालिकात निबंध छापला होता त्यांना मी दुरुस्तीचे पत्र पाठवले आहे. त्याची पोच सोबत आहे.

कलम ७. अंजू. अंजू ही भिवराबाईंची मुलगी. आई गेली तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचे शिक्षण मी केले. बीडला वसतिगृहात ठेवले, नर्सिंगला घातले, गेली सात वर्षे ती माझ्याच दवाखान्यात आहे. यासाठी लोकांनी मला देवमाणूस म्हटले, एकदा शाल-नारळही दिले. मी ते घेतले.

तिची दोन स्थळे मोडली, "आईनं जीव दिलाय, घरान्यातच हाय" म्हणून. मग प्रविण भेटला. तो विजेची कामे करतो, शांत मुलगा आहे, त्याने काही विचारले नाही. लग्नाला चार वर्षे झाली. अंजूला जरा दोन दिवस उदास वाटले की ती माझ्या खुर्चीजवळ येऊन उभी राहते आणि विचारते, माझ्यातही ते आहे का. मी नाडी पाहते, चार प्रश्न विचारते आणि नाही म्हणते. ती घरी जाते.

एकदा इंजेक्शनांचे खोके लावता लावता ती सहज सांगत होती की आई श्रावणात स्वतःची भाजी आधी काढून ठेवायची आणि मग बाकीच्या भाजीत मीठ घालायची. तिच्याजवळ सगळे होते, फक्त त्याचा अर्थ माझ्या कपाटात होता.

या फेब्रुवारीत प्रविणच्या आईने नातवंडाचा विषय काढला. अंजू माझ्याकडे आली. एरवी दवाखान्यात नीट शहरी बोलते, त्या दिवशी गावचे बोलली.

"बाई, नगं मला मूल. माझ्या पोटी तिच्यासारखंच जीव देनारं यील. मी ते बघू शकनार न्हाई. प्रविणला तुमी सांगा."

अंजू, तू हे वाचत आहेस म्हणून डॉक्टर म्हणून जे खरे आहे तेच लिहिते. मनाच्या या आजाराचा थोडा वारसा रक्तातून येऊ शकतो. तुझ्यात तो दिसलेला नाही. पुढे कोणात दिसला तर त्याला औषध आहे, आणि तुझ्या आईला त्याचा गुण आला होता. पण जीव देण्याचा वारसा तुला आईकडून मिळालेला नाही, कारण तिने तो दिलाच नव्हता. मूल हवे की नको हे तू ठरव. माझ्या खोट्यावरून ठरवू नकोस.

कलम ८. मार्चचे मृत्युपत्र का रद्द केले. अंजू येऊन गेल्यावर महिन्याभरात मी पहिले मृत्युपत्र केले. त्यात हे घर अंजूला दिले होते आणि वरचे सगळे एका बंद पाकिटात घालून माझ्या मरणानंतर तिने उघडावे असे लिहिले होते. तेव्हा मला फार हलके वाटले. मग जुलैअखेरीस श्रावण आला. हृदयाच्या डॉक्टरांनी मला मीठ बंद केलेले आहे, आठ महिने मी अळणी जेवते आहे. पहिल्या सोमवारी मिठाशिवायची मुगाची आमटी पुढे घेऊन बसले आणि वाटी तशीच बाजूला सरकवली. तेव्हा कळले की ते पाकीट म्हणजे दुसऱ्यांदा कुलूप लावणे आहे. मी मेल्यावर ती विचारणार कोणाला, रागावणार कोणावर. आणि मी अजून पाच वर्षे जगले, तर तोवर तिचे वय निघून जाईल. घराचेही तेच. आईच्या बदल्यात घर दिले असे झाले असते, म्हणून घर तिला देत नाही. ती घेणारही नाही.

म्हणून अंजूला या मृत्युपत्राची साक्षीदार केले आहे. वकील म्हणाले की साक्षीदाराने मृत्युपत्रातला मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, आणि साक्षीदाराला काही दिलेले नसावे. दुसरे मला सोयीचे होते. पहिले मी मानले नाही. हा कागद तिने प्रत्येक कलम वाचून मगच सही करावी. सही करायची नसेल तर करू नये, त्यासाठी वकिलांचा कारकून बाहेर बसवून ठेवला आहे आणि मृत्युपत्र अडणार नाही. खोडलेले पत्रक, मोजणीचे पान आणि तो डबा आजच तिच्या हाती देत आहे. ते दान नाही. तिच्या घरातून आलेले तिच्या घरी जात आहे. त्यांचे तिने काय करावे, कोणाला दाखवावे, तक्रार करावी का, याला माझी हरकत असण्याचा प्रश्न नाही.

दुसरा साक्षीदार सटवा. साक्षीदाराला काही मिळत नाही असे त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला की बाई, आजवर तरी काय दिलंत. गप्प बसण्याचा भार मी त्याच्यावर टाकला होता. तो आज काढून घेते.

कलम ९. दुरुस्ती. कलम २ कडक झाले आहे. वडिलांचा मोठा तराजू मी रागाने धारूरहून उचलून आणला होता, तो केदारनाथला परत द्यावा. हसवल्याचा राग तसाच राहू द्यावा.

कलम १०. देह. मला धारूरला आमच्या लोकांच्या जागेत रीतीप्रमाणे पुरावे. आमच्यात पुरताना खड्ड्यात मीठ घालतात. माझ्या वेळी ते घालू नये. केदारनाथ वाद घालील, अपेक्षाने ऐकू नये.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा असून मला मान्य आहे. साक्षीदारांच्या समक्ष सही करते.

ठिकाण: केज, जिल्हा बीड
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

(सही)
डॉ. गंगासागर मल्लिनाथ होनराव

साक्षीदार १
सटवा किसन उबाळे, वय ६१, राहणार नांदूरघाट
(सही)

साक्षीदार २
अंजू प्रविण तांदळे, माहेरची अंजू सुंदरराव थोरवे, वय २९, राहणार केज
(सही)

सगळी कलमे वाचली. दोनदा वाचली. बाईंनी माझ्यासमोर सही केली, एवढ्याचीच ही साक्ष आहे. माफ केले असे यावरून कोणी धरू नये.

कलम ५ मध्ये एक राहिले आहे, ते साक्षीदार म्हणून लिहिते. आई गेली तेव्हा पोळा पाच दिवसांवर होता. पोळ्याला श्रावण सुटणार होता आणि त्या दिवशी तिच्या आमटीत मीठ मी घालायचे, असे आमचे ठरले होते.